आपली खेळगाणी कुठल्या गावची?

(आगमन-शताब्दी सोहळ्यातील भाषण)



आपल्या या गावात मराठी घरे येऊन वसली त्याला यंदा शंभर वर्षे झाली. आपले पूर्वज मॉरिशसला आले ते त्याच्याही पुष्कळ आधी. १८३४ पासून गिरमिटाची जहाजे पोर्ट लुईच्या धक्क्याला लागू लागली. आपली माणसे आली ती मुंबई बंदरातून, आणि प्रथम राहिली ती साखरेच्या कोठीवर, मालकाच्या काँमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचा भाव चढला, कोठीवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि आपल्या पणजोबांनी पै पै साठवून इथे दोन-दोन, तीन-तीन तुकडे घेतले. ही सगळी हकीकत सकाळपासून अनेक वक्त्यांनी सांगितलीच आहे. जमीन कशी आली, देऊळ कसे उभे राहिले, बैठका कशी सुरू झाली, हे आपण ऐकले. ते पुन्हा सांगून आम्ही आपला वेळ घेणार नाही.

संस्थेने आम्हा शिक्षिकांना विषय दिला आहे तो आपल्या खेळगाण्यांचा. खेळगाणी म्हणजे नुसते बसून म्हणायचे गाणे नव्हे. फेर धरून, टाळी देऊन, पाय आपटून, गिरकी घेऊन जे खेळतात आणि खेळताना जे म्हणतात, ते खेळगाणे. फुगडी, झिम्मा, भोंडला, आपली झाकरी ही सारी त्यात येतात. आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्या वर्गातली मुले घरी क्रिओल बोलतात, धडे इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये शिकतात आणि आठवड्यातून काही तास मराठीसाठी आमच्याकडे येतात. अशा मुलाला मराठीजवळ आणायचे तर व्याकरणाच्या आधी खेळ लागतो, हे आम्ही इतक्या वर्षांत शिकलो आहोत. म्हणून हा विषय आम्हाला जवळचा आहे.

पण खेळ शिकवू लागलो की मुलेच विचारतात, "मिस, हे आपले आहे का?" पुस्तकात भोंडला असतो. मूल विचारते, "आमच्या आजीने कधी भोंडला केला नाही, मग आम्ही मराठी नाही का?" दुसरे मूल सांगते, "आमचे आजोबा झाकरी नाचतात, पण व्हिडिओतल्या महाराष्ट्रात झाकरी कुठेच दिसत नाही." या प्रश्नांना उत्तर देणे आमचे कामच आहे. ते उत्तर द्यायचे तर कोणता खेळ महाराष्ट्राच्या कोणत्या भागातला आहे, हे आधी नीट पाहावे लागते.

महाराष्ट्र एक, पण खेळ अनेक

आपण इथे बसून 'महाराष्ट्र' म्हणतो तेव्हा एकच चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मुलूख यांत मोठा फरक आहे. समुद्र आणि डोंगर यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण. तिथे भात, नाचणी, नारळ, मासळी. घाट चढून वर गेले की देश. तिथे ज्वारी, बाजरी, ऊस. उत्तरेला तापीच्या खोऱ्यात खानदेश, पूर्वेला कापसाचा विदर्भ. पीक बदलले की कामाचे महिने बदलतात, कामाचे महिने बदलले की विसाव्याचे दिवस बदलतात, आणि माणूस खेळतो ते विसाव्याच्या दिवसांत. खेळांचे प्रांत त्यातूनच पडले आहेत.

आता भोंडलाच घ्या. आश्विन महिन्यात सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या सुमाराला पाऊस जाता जाता गडगडाट करून पडतो. त्याला देशावर 'हत्तीचा पाऊस' म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, पाट मध्ये ठेवायचा, मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा आणि एकामागून एक गाणी म्हणायची. शेवटी खिरापत, आणि ती कसली आहे हे बाकीच्यांनी ओळखायचे. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे याच खेळाला हादगा म्हणतात. तिथे हत्तीचे चित्र भिंतीला लावून त्याला फळांच्या माळा घालतात, आणि हस्त नक्षत्र लागले की सोळा दिवस हा खेळ चालतो.

विदर्भात गेलो तर हत्ती नाहीसा होतो. तिथे मातीचे भुलोबा आणि भुलाबाई बसवतात, म्हणजे शंकर-पार्वती. खानदेशात तीच गुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघरी जातात, टिपऱ्यांवर ठेका धरून गाणी म्हणतात. खाऊ ओळखण्याची गंमत मात्र तिथेही आहे.

गंमत अशी, की हत्ती असो वा भुलाबाई, गाण्यांतली माणसे बहुतेक तीच असतात. सासू, सासरा, दीर, नणंद, आणि माहेरी जाऊ इच्छिणारी लेक. एका गाण्यात सासू सुनेला सांगते की आधी कारल्याचे बी पेर, त्याचा वेल चढू दे, त्याला फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे, मग जा माहेरी. ही हकीकत आम्ही चौथीच्या वर्गात सांगितली. कारले म्हणजे आपले मार्गोझ, हे कळल्यावर एक मुलगी लगेच म्हणाली, "मिस, मार्गोझला तर दोन महिने लागतात!" सासूने सुनेला किती दिवस अडकवले, ते तिने अंगणातल्या वेलावरून मोजले होते. असे गाणे कोणत्या प्रांतातून आले, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. पण गाण्यातले दुःख तिला कळले.

श्रावणातली मंगळागौर आणखी वेगळी. नवी लग्न झालेली मुलगी पूजा करते आणि रात्र जागवायची म्हणून खेळ होतात. झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणे, लाट्या, फुगडीचे किती तरी प्रकार. हे खेळ विशेषतः पुण्या-साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या ब्राह्मण घरांतून वाढले आणि आता सगळीकडे मंचावर दिसतात.

खाली गोव्यात उतरलो तर पौष महिन्यातला धालो भेटतो. तो फेराचा खेळ नाही. बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, वाकतात, पुढे येतात, मागे जातात. गावात त्यासाठी राखलेली पवित्र जागा असते, तिला मांड म्हणतात. आणि गोवा-सिंधुदुर्गाची फुगडी तर ज्याने पाहिली तो विसरणार नाही. तिला वाद्य लागत नाही. गती वाढली की बायका तोंडाने 'फू' असा श्वास सोडतात आणि तोच ताल होतो.

उत्तरेकडे पालघर, डहाणूच्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो. दुधी भोपळ्याचे ते लांब वाद्य घेऊन वाजवणारा मध्ये फिरतो आणि स्त्री-पुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती साखळीने नाचतात. म्हणजे एकाच महाराष्ट्रात कुठे मध्ये हत्ती, कुठे मध्ये तारपा, तर कुठे मध्ये कोणीच नाही.

मग झाकरी कुठली?

आता आपल्या घरच्या खेळाकडे येऊ. गणेश चतुर्थीला आपल्याकडे झाकरी होते. मध्ये ढोलकी आणि झांज घेऊन गाणारे बसतात, भोवती नाचणारे गोल फिरतात, गाणारा एक ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. आपल्या पूर्वजांना कोठीवर दुसरे काही करमणुकीचे साधन नव्हते तेव्हापासून हे चालत आले आहे.

हाच नाच कोकणात आहे. तिथे त्याला जाखडी म्हणतात, कोणी जाकडी म्हणतात, कोणी बाल्या नाच म्हणतात. हातांची साखळी करून एकमेकांना जखडून नाचतात म्हणून जाखडी, असे तिथले जाणकार सांगतात. बाल्या हे नाव मुंबईतले. कोकणातून मुंबईला कामाला गेलेले गडी कानात बाळी घालत, म्हणून त्यांना बाल्या म्हणू लागले आणि त्यांच्या नाचालाही तेच नाव पडले. तिथेही गाणारे बुवा मध्ये बसतात, नाचणारे पायांत चाळ बांधून भोवती फिरतात, आणि तिथेही हा नाच गणपतीतच रंगतो. गणपतीतच का? कारण आषाढात भाताची लावणी होते, श्रावणात बेणणी होते, आणि भाद्रपद येतो तेव्हा भात शेतात उभे असते. शेतकऱ्याच्या हाताला जरा उसंत मिळते. मुंबईचे चाकरमानीही त्याच वेळी गावाला येतात. मग रात्रभर नाच.

कोकणात जाखडीवाल्यांचे दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एक पक्ष शक्तीला श्रेष्ठ मानतो, दुसरा शिवाला. एक गाण्यातून कोडे घालतो, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचे आणि उलट सवाल करायचा. आपल्या गावातले वयस्कर लोक सांगतात की पूर्वी शेजारच्या गावाची झाकरी आली की अशीच सवाल-जबाबाची चुरस व्हायची आणि पहाट झाली तरी कोणी हटत नसे. ही चुरस कोठीवर कोणी शिकवली नव्हती. ती बोटीतून आली.

इथे एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. आपल्यापैकी काही जणांनी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थानातून आपल्या पूर्वजांचे आगमनाचे कागद काढले आहेत. त्यात नाव, वय, जहाज, आणि कित्येकदा जिल्हा व गावही असते. जिल्हा बहुधा रत्नागिरी. पण गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले, ते लागत नाही. आणि त्या काळचा रत्नागिरी जिल्हा फार मोठा होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्यातून वेगळा निघाला तो १९८१ साली. म्हणजे कागदावर 'रत्नागिरी' असले तरी आजोबा चिपळूणचे की मालवणचे, हे कागद सांगत नाही. खेळ मात्र थोडेसे सांगतो. जाखडीचा मुलूख म्हणजे रत्नागिरीचा उत्तर आणि मध्य भाग. खेड, दापोली, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर हा तो पट्टा. मालवण-कुडाळकडे गेले की दशावतार आणि फुगडी यांचा जोर दिसतो. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या झाकरी आहे, त्या घराने आपले गाव शोधताना आधी उत्तरेकडे पाहावे, असे आम्ही सुचवू. हा पुरावा नव्हे, दिशा आहे. पण ज्याच्या हातात काहीच नाही त्याला दिशाही पुष्कळ झाली.

भोंडला आपल्याकडे का आला नाही?

आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न राहिलाच. आजीने भोंडला का केला नाही? आम्ही यावर बराच विचार केला आणि आम्हाला तीन कारणे दिसतात.

पहिले म्हणजे, भोंडला आणि हादगा यांचे बळ देशावर. आपले बहुतेक लोक घाटाखालचे. दुसरे म्हणजे, सुरुवातीच्या जहाजांत बायका फार थोड्या होत्या. भोंडल्याला एकाच वयाच्या दहा-बारा मुली लागतात आणि रोज संध्याकाळी अंगण लागते. काँमधल्या एका ओळीतल्या खोल्यांत हे कुठून जमणार? झाकरीला आठ-दहा गडी आणि एक ढोलकी पुरे.

तिसरे कारण आमच्या शाळेतल्या मुलांनीच शोधले, आणि ते आम्हाला फार आवडते. पृथ्वीच्या या अर्ध्या भागात ऋतू उलटे. तिकडे आश्विनात हत्तीचा पाऊस पडतो, इकडे ऑक्टोबर हा वर्षातला सर्वांत कोरडा महिना. तिकडे पीक शेतात उभे आणि मुली मोकळ्या, इकडे उसाची तोडणी ऐन भरात. जून-जुलैला सुरू झालेली तोडणी डिसेंबरपर्यंत चालते. आया पहाटे अंधारात शेतावर जात आणि थोरल्या मुली घरी धाकट्यांना सांभाळत. पावसाचा हत्ती या बेटावर आलाच नाही, तर त्याच्याभोवती फेर कोण धरणार? गणपतीही तोडणीतच येतो, हे खरे. पण तो थोड्या दिवसांचा सण, आणि खेळ रात्री. तेवढे आपल्या लोकांनी थकल्या अंगाने निभावले. दिवसभर कोयता चालवून रात्री नाचणाऱ्या त्या माणसांना आम्ही मनापासून नमस्कार करतो.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले, की तुझ्या आजीने भोंडला केला नाही म्हणून ती कमी मराठी ठरत नाही. ती कोकणातली मराठी आहे, आणि मॉरिशसच्या हवेतली मराठी आहे.

शब्दांत लपलेले गाव

खेळाचा मुलूख ओळखायला आम्ही वर्गात पाच प्रश्न विचारतो. कोणत्या महिन्यात खेळतात? कोण खेळते, पुरुष, बायका की मुली? उभे कसे राहतात, गोल, रांगेत की जोडीने? ताल कशाचा, टाळीचा, टिपरीचा, ढोलकीचा की श्वासाचा? आणि गाण्यात शब्द कोणते येतात? पहिल्या चारांची उत्तरे मुले पटकन देतात. पाचवा प्रश्न अवघड, पण सगळ्यांत मोलाचा.

गाण्यात भात, खाडी, होडी, माड आले तर कोकण. ज्वारीचे कणीस आले तर देश. आई-बापांना आवस-बापूस म्हटले, नवऱ्याला घोव म्हटले तर कोकण. मुलीला चेडू म्हटले तर दक्षिण कोकण, मालवणी मुलूख. मुलाला आंडोर म्हटले तर खानदेश, अहिराणी बोली.

आपल्या गावातल्या एका आजींच्या गाण्यात 'व्हाळ' असा शब्द होता. त्यांना स्वतःला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांच्या आजीने म्हटला म्हणून त्या म्हणत. मुलांना वाटले, हा फ्रेंच शब्द असावा, कारण फ्रेंचमध्ये 'व्हाल' म्हणजे दरी. एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगितले की हा अशुद्ध उच्चार आहे, तिथे 'ओहोळ' म्हणा. दोघांचेही म्हणणे खरे नव्हते. कोकणात डोंगरातून धावत येणाऱ्या लहान ओढ्याला आजही व्हाळ म्हणतात. त्या आजींच्या आजीच्या घराजवळून कधीतरी असा व्हाळ वाहत असणार. आजींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडे पाणी होते तर." आम्ही जर त्या दिवशी 'ओहोळ' लिहून घेतले असते तर गाणे पुस्तकी झाले असते आणि त्या घराचा पत्ता कायमचा पुसला गेला असता.

म्हणून आज थोडे कडू बोलणार आहोत, क्षमा असावी. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आपल्या गावातल्या मुलांनी झाकरी केली. दोन महिने रोज संध्याकाळी आजोबांकडे शिकून केली. परीक्षकांनी गुण कापले. कारण दिले ते असे, की नाव चुकीचे आहे, मूळ शब्द जाखडी आहे, आणि गाण्यातले उच्चार अशुद्ध आहेत. बक्षीस मिळाले ते व्हिडिओवरून बसवलेल्या एका सिनेमाच्या गाण्याला. त्या परीक्षकांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी आमच्या मुलांनी झाकरीचे नावच काढले नाही. शिकवणारे आजोबा म्हणाले, "आता कोणाला शिकवू? आमचे तर चुकीचे आहे." त्या वेळी गावात गाणारे आणि नाचणारे मिळून आठ जुने लोक होते. आज चार आहेत. त्यांतल्या दोघांना आता उभे राहून नाचता येत नाही.

बक्षीस गेले त्याचे काही नाही. त्या आजोबांचा आपल्या गाण्यावरचा विश्वास गेला, ते नुकसान मोठे आहे. खुद्द कोकणात एका नाचाला जाखडी, जाकडी, बाल्या अशी नावे आहेत आणि कोणी कोणाचे गुण कापत नाही. मग समुद्रापलीकडे इतकी वर्षे टिकलेले चौथे नाव चुकीचे कसे? भाषा शिकवणाऱ्यांनी लिहिण्यात शुद्धता जरूर पाहावी, आम्हीही वह्या लाल करतोच. पण लोकगीताचे शब्द तपासण्याआधी ते कुठून आले, हे विचारावे.

शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे

या बाबतीत आपल्या शेजाऱ्यांचे उदाहरण समोर आहे. सेगा हा गुलामीत भरडलेल्या लोकांचा नाच. रावानचे कातडे शेकोटीवर तापवून समुद्रकाठी नाचत. एके काळी त्याला लोक नाके मुरडत. २०१४ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. लग्नघरी आपल्या भोजपुरी भगिनी गीत-गवई गातात, लोटा आणि चमचा वाजवून ठेका धरतात. २०१६ साली त्यालाही हा मान मिळाला. हा मान आपोआप मिळाला नाही. त्यांच्या म्हाताऱ्या बायकांनी गाणी सांगितली, तरुणांनी लिहून घेतली, आणि गीत-गवई शिकवायच्या शाळा निघाल्या. त्यांनी आपल्या गाण्यातली भोजपुरी सुधारून हिंदी केली नाही.

आपल्या झाकरीला युनेस्कोने विचारावे इतकी मोठी आमची मागणी नाही. निदान आपल्या घरातल्या मुलांनी तरी तिला विचारावे.

म्हणून संस्थेला आमची तीन कामांची विनंती आहे.

पहिले काम, हे चारही आजोबा आणि फुगडी-झिम्मा जाणणाऱ्या आजी आज आपल्यात आहेत तोवर त्यांची गाणी रेकॉर्ड करावीत. त्याला मोठे यंत्र लागत नाही, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. नातवाने आजीसमोर बसावे, एवढेच. गाण्यासोबत म्हणणाऱ्याचे नाव, घराण्याचे नाव, कोणाकडून शिकले आणि पूर्वी कोणत्या कोठीवर राहत, हेही विचारावे. पंचवीस वर्षांनी गाण्याइतकीच ही माहिती मोलाची ठरेल.

दुसरे काम, गाणी लिहून घेताना जशी म्हटली तशीच लिहावीत. न कळणाऱ्या शब्दाखाली रेघ मारावी, पण तो बदलू नये. ज्याचा अर्थ आज आपल्याला कळत नाही, तो शब्द उद्या चिपळूणच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारता येईल. बदलला तर विचारायला काही उरणार नाही.

तिसरे काम, बैठकेत आठवड्यातून एक संध्याकाळ खेळाची ठेवावी. आम्ही शिक्षिका त्यासाठी येऊ, त्याचे मानधन आम्हाला नको. ढोलकीवर आजोबांना बसवू. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी बसून गावे, नाहीतरी जाखडीचा बुवा बसूनच गातो. मुलींनाही झाकरीत घ्यावे. पूर्वी तो पुरुषांचाच खेळ होता हे आम्हाला ठाऊक आहे. पण आज नाचणाऱ्या मुलांची संख्या पाहता मुलींना बाहेर ठेवणे आपल्याला परवडणारे नाही, आणि त्या सांभाळतील तेवढे कोणी सांभाळणार नाही.

भोंडल्याचे काय, असे कोणी विचारील. भोंडलाही जरूर शिकवू, भुलाबाईही शिकवू, मुलांना सारा महाराष्ट्र कळला पाहिजे. मात्र भोंडला आपल्या घरी पाहुणा म्हणून येईल. त्याला पाट द्यावा, पाणी द्यावे, कौतुक करावे. पण पाहुणा आला म्हणून घरच्या आजीला उठवून बाहेर बसवू नये.

एक गोष्ट सांगून थांबतो. गेल्या सत्रात मधल्या सुटीत आमच्या मुली फुगडी घालत होत्या. बघता बघता त्यांच्या क्रिओल, भोजपुरी आणि तमिळ मैत्रिणी आल्या आणि हात देऊन फिरू लागल्या. त्यांना शब्द येत नव्हते, पण 'फू' साऱ्यांना आले. घंटा झाली तरी कोणी थांबेना. ती फुगडी वेंगुर्ल्याची की गुहागरची, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्या वयात ठाऊक असण्याची गरजही नाही. ते आपण मोठ्यांनी लिहून ठेवायचे, आणि त्यांनी खेळत राहायचे.

शंभर वर्षांपूर्वी इथे घर बांधणाऱ्यांनी कागदावर फारसे काही ठेवले नाही. अनेकांना सहीही येत नव्हती, ते अंगठा देत. त्यांनी आपल्या हाती दिली ती काही गाणी, काही पावले आणि एक ताल. संस्थेने पुढच्या गणेश चतुर्थीच्या आत पहिली ध्वनिफीत करावी, ही आमची हात जोडून विनंती आहे. आजोबांशी आम्ही बोललो आहोत. ते तयार आहेत. ढोलकीला नवे कातडे मात्र घालावे लागेल, असे त्यांनी निरोप देऊन सांगितले आहे.

 गणपती बाप्पा मोरया!